काळ्या बरणीवरचा डोळा

सॅमसनकाका, सांगून आले एकदाची.

काल सकाळी यूस्टनहून गाडी धरली, मँचेस्टरला उतरले, म्युझियमच्या पायऱ्या चढले आणि तिथल्या बाईंच्या टेबलासमोर बसून सगळं सांगितलं. ऐन वेळी इंग्रजी दगा देत होतं, तरी सांगितलं. तुम्ही असतात तर स्टेशनवरच्या फोनवरूनच कळवलं असतं, आणि तुम्ही पलीकडून नेहमीसारखं नुसतं ‘बरं’ म्हणून रिसीव्हर ठेवून दिला असतात. आता फोन करू तरी कुणाला? म्हणून लिहायला बसले आहे. आमचे हे म्हणाले, ‘‘गेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही तुमची क्रिकेटची कॉमेंटरी ऐका.’’

तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले. लंडनला कधी नव्हे तो असला उन्हाळा, की तुमच्या दफनाच्या वेळी पायाखालचं गवत पापडासारखं मोडत होतं. तुम्ही म्हणाला असतात, आमच्या रेवदंड्याला वैशाखात असंच असतं, त्यात काय एवढं. तुमचं सगळ्या जगाचं माप रेवदंड्याचं. टेम्सच्या पुलावर उभं राहून तुम्ही मला सांगितलं होतंत की कुंडलिकेची खाडी याहून रुंद आहे. मी वाद घातला नाही. मी पेणची, आपल्या जिल्ह्याची बाजू सोडायची कशी?

वर्कशॉपात पहिल्यांदा आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. ह्यांना हॉस्पिटलांत सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या मिळायच्या, वरची परीक्षा दोनदा हुकलेली, आणि हॅरोमधल्या एका खोलीत आम्ही दोघं एकमेकांच्या पायांत येत राहत होतो. बेकर स्ट्रीटमागच्या गल्लीत मोडक्या चिनी मातीच्या वस्तू सांधायला मदतनीस हवी, अशी जाहिरात वाचून मी गेले. मालक मिस्टर हॅलम माझ्या साडीकडे आणि तिच्यावर घातलेल्या ह्यांच्या ओव्हरकोटाकडे बघत राहिले आणि ‘जरा थांबा’ म्हणून आत गेले. आतून तुम्ही आलात. पांढरा एप्रन, एका डोळ्यावर घड्याळजीचं भिंग. मी घोकून आणलेलं इंग्रजी वाक्य म्हणायला लागले, तर तुम्ही मराठीत विचारलंत, ‘‘कुठली गं तू?’’

सात महिन्यांत घराबाहेर मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता, आणि हा गोरटेला, टोपीवाला म्हातारा ‘कुठली गं’ म्हणतो. (तेव्हा तुम्ही पन्नाशीचेही नव्हतात, पण मला म्हातारेच वाटलात. रागावू नका.)

‘‘पेणची.’’

‘‘गणपतीवाल्यांची?’’

‘‘हो. आमचा कारखाना आहे.’’

‘‘मग हात चालत असेल,’’ तुम्ही म्हणालात, आणि मिस्टर हॅलमना सांगितलंत की ही बापाच्या हाताखाली शिकलेली आहे. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी ‘पेणकरीण’ झाले. माझं खरं नाव तुम्ही कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही स्वतः मुंबईला दातांच्या कवळ्या बनवायचात. ‘‘दात काय नि बरणी काय,’’ म्हणायचात, ‘‘शेजाऱ्याशी रंग जुळला की झालं.’’ पहिला आठवडाभर तुम्ही मला फक्त काळा रंग कालवायला लावलात. मी काजळीचा काळा घ्यायची, काचेवर ओढायची, आणि तुम्ही म्हणायचात, ‘‘हा मेलेला आहे.’’ पुन्हा कालव. त्यात थोडा तपकिरी, थोडा हिरवा, कुठे निळ्याचा थेंब. चौथ्या दिवशी मी रडकुंडीला आले. पाचव्या दिवशी तुम्ही काच उजेडात धरलीत आणि म्हणालात, ‘‘बरं.’’ मला वाटलं, सुरुवात आहे, पुढे कधी शाबासकीही मिळेल. कसलं काय. इतक्या वर्षांत ‘बरं’च्या पुढे तुमची गाडी गेली नाही.

आणि तुमचा तो एक नियम. भांड्याचा टवका गेलेला असला की तिथे प्लास्टर भरायचं, घासायचं, वर ग्लेझसारखा, म्हणजे भांड्याच्या चकचकीत लेपासारखा, रंग द्यायचा. पण त्या जागी नक्षी असेल तर? ‘‘जी रेघ दोन्ही बाजूंनी आत येते तेवढीच जोडायची,’’ तुम्ही सांगायचात. ‘‘जी एकाच बाजूनं येते ती कुठे जाणार होती ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. तिथे काळं ठेवायचं आणि गप्प बसायचं.’’

ती बरणी आली तेव्हा मला तुमच्याकडे येऊन वर्ष झालं होतं. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका डीलरनं पाठवली होती, पाच तुकडे आणि एक तुकडा हरवलेला. चिनी मातीची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पांढरी, निळ्या फुलांची नाजूक वस्तू आली होती. ही तर काळीकुट्ट, जाड, दगडासारखी जड. आणि त्या काळ्यावर गंजासारख्या तांबूस रंगाचे पाच-सहा फटकारे. ‘‘उत्तर चीनमधली, सातआठशे वर्षांची,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘हा रंग म्हणजे आपला गेरूच. काळ्या ग्लेझवर गेरूनं काढायचं आणि भट्टीत लोटायचं. दोनदा हात फिरवायला सवड नाही.’’ तुम्ही ती इतक्या वेळ हातात घेऊन बसलात की चहा निवून गेला. त्या कारागिराचा तुम्हाला हेवा वाटत होता, मला ते दिसत होतं. गेलेला तुकडा खांद्यावरचा, तळहाताएवढा, नेमका त्या फटकाऱ्यांच्या वरच्या टोकाशी.

तुम्ही शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरी जायचात. थंडीत तर दुपारी तीनलाच एप्रन खुंटीवर. शनिवारी तुम्ही कामाला हात लावायचा नाहीत. तुम्हा बेने इस्राएल लोकांना, कोकणातल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचात त्यावरूनच, हेही मला तुम्हीच हसत सांगितलं होतंत. त्याऐवजी रविवारी तुम्ही एकटे येऊन काम करायचात. त्या शुक्रवारी जाताना तुम्ही बरणी माझ्या टेबलावर ठेवलीत. प्लास्टर भरून झालं होतं. ‘‘उद्या काळा दे. मधे काही घालू नकोस,’’ म्हणालात, टोपी घातलीत आणि गेलात.

मी शनिवारी काळा दिला. छान जुळला. मग खुर्ची मागे सरकवून बघितलं, आणि बघतच राहिले. खालून एक मान वर येत होती. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. पाखरू होतं हो ते, उडायच्या बेतात असलेलं, आणि त्याला डोकं नव्हतं. मी तिथे काळं फासून ठेवलं होतं.

आता हे तुम्हाला पुन्हा सांगते, कारण तेव्हा तुम्ही पुरतं ऐकून घेतलं नाहीत. आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी. गिऱ्हाईक पाट घेऊन अंगणात ताटकळत उभं असलं तरी आमचे अण्णा, माझे वडील, डोळे आखल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. अकरा वर्षांची असल्यापासून लहान मूर्तींचे डोळे मी आखले. श्वास धरायचा, मनगट टेकायचं नाही, एकदा कुंचला लागला की थांबायचं नाही. आंधळी मूर्ती घरातून बाहेर पाठवायची नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की त्याचा विचारही करावा लागत नाही. मी तांबूस रंग कालवला. डोकं एका वळशात. आत एक लहानसं कडं, कड्यात काळं सोडलेलं. मिनिटभराचं काम. त्या मिनिटात मी लंडनला नव्हते, एवढं मात्र खरं.

मिस्टर हॅलम आले, बघून शीळ घातली, आणि बरणी ओव्हनमध्ये ठेवून रंग भाजून पक्का केला. दुपारी डीलर येऊन गेला. त्याला ते पाखरू एवढं आवडलं की सोमवारी सकाळी दहाला गाडी घेऊन येतो म्हणाला. मला मिस्टर हॅलमनी हात मिळवून शाबासकी दिली. मी हवेत तरंगत हॅरोला घरी आले.

सोमवारी मी आले तेव्हा तुम्ही आधीच बसला होतात. बरणी टेबलाच्या मधोमध.

‘‘हा पक्षी आहे हे तुला कुणी सांगितलं?’’

‘‘दिसतोय की. ती मान बघा.’’

‘‘मान कशावरून? देठ असेल. हे पंख कशावरून? पानं असतील.’’

‘‘काका, पानं अशी असतात?’’

‘‘असतील किंवा नसतील. तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही.’’ तुमचा आवाज चढला नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. ‘‘आता जो बघेल त्याला वाटेल, ठाऊक आहे.’’

मी म्हटलं, मग तुम्ही सांगा मिस्टर हॅलमना. तुम्ही सांगितलंत. दार बंद होतं तरी मला ऐकू आलं ते काय म्हणाले ते. डीलरला पाखरू दाखवून झालंय, आता पाखरू नाही म्हटलं तर हे गिऱ्हाईक जाईल, आणि त्याबरोबर ती साडीवालीही. तुम्ही बाहेर आलात आणि मला म्हणालात, ‘‘डोळा तू काढलास. डीलर दहाला येईल, तू सांग.’’ दहाला गाडी आली. ह्यांची नोकरी त्या महिन्यात संपत होती, पुढची मिळाली नव्हती. मी पुसणीनं टेबल पुसत राहिले. गाडी गेली. तुम्ही दुसरं भांडं घेतलंत.

मला वाटलं होतं, झालं, संपलं. महिनाभरानं एका संध्याकाळी एप्रन काढताना तुम्ही विचारलंत, ‘‘सांगितलंस?’’ मी म्हटलं, कुणाला सांगू, बरणी आता कुठे आहे तेही माहीत नाही. ‘‘बरं,’’ म्हणालात.

तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर सोपं झालं असतं. तुम्ही तर आणखीच माया लावलीत. हे तिसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा तुम्ही आम्हाला एजवेअरला घरी बोलावलंत. रिव्काकाकूंनी मोठ्या ताटात मलिदा केला होता, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं रचलेली. एलिया हन्नाबीची, तुमच्या प्रेषिताची, प्रार्थना झाली, आणि मग कळलं की तुम्ही नवस बोलला होतात, डॉक्टर पास झाला की मलिदा करीन. आमच्या घरच्यांनी केला नव्हता असला नवस. आमचे हे, देव न मानणारे, मुकाट्यानं दोन बश्या खाऊन गेले. मी डोळे पुसत होते. आणि दारापर्यंत पोचवायला आलात तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, ‘‘आता तर नवराही पास झाला. सांगितलंस?’’ मला असा राग आला तुमचा. मलिद्याची चवच गेली.

शिलिंग जाऊन नवे पेनी आले त्या वर्षी मिस्टर हॅलम एक मासिक घेऊन आले. जुन्या चिनी भांड्यांवरचं, गुळगुळीत कागदाचं. आपली बरणी पानभर. कुणा श्रीमंत गृहस्थानं ती विकत घेऊन मँचेस्टरच्या म्युझियमला दिली होती. लेख एका विद्वानांचा. असले फटकारे म्हणजे पानं, असं आजवर सगळे धरून चालले होते. पण या बरणीवर स्पष्ट डोळा आहे, तेव्हा बाकीच्या बरण्यांवरचीही पाखरंच असली पाहिजेत. मी आधी हरखले, खोटं कशाला बोलू. मग मासिक तुमच्यापुढे सरकवलं. तुम्ही लेख पुरा वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, ‘‘पेणकरीण, त्यांनी तुझ्या डोळ्यावर घर बांधलंय.’’

त्यानंतर आपलं भांडण दरवर्षी तेच. मी म्हणायची, सांगून काय होणार, तो रंग ओव्हनमध्ये भाजलेला, तासायला गेले तर बरणीलाच चरे पडतील. तुम्ही म्हणायचात, ‘‘निघेल की नाही ते त्यांना बघू दे.’’ मी म्हणायची, तुम्ही मोठे, तुम्ही लिहा. तुम्ही म्हणायचात, डोळा तुझा आहे. मी म्हणायची, लोक म्हणतील, या इंडियन बायका अशाच. यावर तुम्ही नुसतं भिंगातून माझ्याकडे बघायचात. वीजटंचाईत कामाचा तीन दिवसांचा आठवडा झाला, मेणबत्त्या लावून काम केलं, त्यातच वर्कशॉप बंद पडलं. तुम्ही घरी बसलात, मी संध्याकाळच्या क्लासात मातीकाम शिकवायला लागले. मिस्टर हॅलमची भीती उरली नाही, ह्यांची नोकरी पक्की झाली, हॅरोला आमचं स्वतःचं घर झालं. सबबी एकेक करून संपल्या.

मग का नाही सांगितलं? आज सांगते. तो डोळा पुसला जाऊ नये असं मला वाटत होतं. म्युझियमनं त्या बरणीचं पोस्टकार्ड काढलं होतं, ते मी मागवून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं होतं. या देशात मी केलेली तेवढी एकच गोष्ट काचेच्या कपाटात होती. तुम्ही तर कधी चांगलं म्हटलं नाहीत. निदान ते विद्वान तरी म्हणाले होते, ‘विलक्षण ठाम हात.’ ते तीन शब्द मला पाठ होते. हे तुम्हाला सांगायची लाज वाटायची, म्हणून चरे पडतील वगैरे सांगत होते.

आणि मग ती हॉस्पिटलमधली दुपार. खिडक्या सताड उघड्या, तरी वारा नाही. तुमचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द अर्धे फुटत होते. मी पाणी पाजलं, उशी सरळ केली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि भुवई वर केलीत. एवढंच. काय विचारताय ते मला कळलं. मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, ‘‘हो काका. सांगितलं.’’

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, शांत झालात. ट्रेनमध्ये बसून मी स्वतःची समजूत घालत आले, की मरणाऱ्या माणसाला दिलं समाधान, त्यात काय बिघडलं.

तुम्ही गेल्यावर तुमच्याकडच्या सुतकाच्या सात दिवसांत मी काकूंकडे गेले. आरशांवर चादरी, काकू खाली गादीवर बसलेल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या म्हणाल्या, ‘‘तुझी फार आठवण काढायचे. तू त्या दिवशी आलीस ना, तू गेल्यावर मला जवळ बोलावलं. शब्द नीट येत नव्हते गं, तरी म्हणाले, अजून सांगितलं नाही तिनं.’’ आणि काकूंनी मला विचारलं, ‘‘काय सांगायचं होतं तुला?’’

काहीतरी पुटपुटले आणि उठले. तुम्हाला ठाऊक होतं. माझा हात हातात घेऊन पडला होतात आणि ठाऊक होतं की मी तुमच्या तोंडावर खोटं बोलतेय. एजवेअरहून घरी येईस्तोवर बसमध्ये मी रडत होते, आणि शेजारची बाई मला पेपरमिंट देत होती. दुसऱ्या दिवशी म्युझियमला पत्र टाकलं, की तुमच्या बरणीबद्दल मला काही सांगायचं आहे, कधी येऊ. पत्र पेटीत पडलं आणि पहिल्यांदा जरा श्वास मोकळा झाला.

तिथल्या मिस वॉरन म्हणजे तिशीतली मुलगी, केस वर बांधलेले, बोटांना शाई. तिनं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते ती रागावण्याची. ती म्हणाली, ‘‘थँक गॉड. मला तो डोळा कधीच पटला नव्हता. पण माझ्यापेक्षा मोठ्या लोकांना पटला होता, मग मी कोण बोलणार?’’ आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. बारा वर्षं मी ज्याला घाबरले ते हे एवढंच होतं. मला हसू आवरेना. मागच्या कपाटाचं कुलूप काढताना तीही हसत होती.

बरणी टेबलावर आली. किती सुरेख आहे हो ती. विसरलेच होते मी.

‘‘तो निघायचा नाही,’’ मी सांगितलं. ‘‘ओव्हनमध्ये भाजलेला आहे. जपून.’’

‘‘बघू तरी,’’ म्हणत तिनं काडीला कापूस गुंडाळला, रंग विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला आणि डोळ्यावरून एकदा फिरवला. कापूस तांबडा झाला. दुसऱ्यांदा फिरवला. डोळा गेला. इतका सहज, की कपाळावरचं कुंकू पुसावं तसा.

मला काही कळेना. मी मिस्टर हॅलमना ओव्हनचं दार लावताना बघितलं होतं. भाजलेला रंग असा निघत नाही. तो माझा असता तर तिची बाटली संपली असती. आणि मग सावकाश डोक्यात उजेड पडला. तो माझा नव्हताच. मधे एक रविवार होता. तुम्ही त्या रविवारी येऊन माझा पक्का रंग प्लास्टरपर्यंत तासून काढला होतात, बरणीला एक ओरखडा न पडू देता. नवा काळा दिला होतात, आणि त्यावर माझाच डोळा, जशाच्या तसा, पुसला जाईल अशा कच्च्या रंगात पुन्हा काढला होतात. काळ्यावरच थांबला असतात तर सोमवारी डीलरला पाखरू दिसलं नसतं आणि मी घरी बसले असते. म्हणून डोळा ठेवलात. पण जो ठेवलात तो कधीही परत घेता येईल असा. आणि सोमवारी माझ्याशी वाद घालताना हे तोंडातून काढलं नाहीत. नंतरही नाही. ‘निघेल की नाही ते त्यांना बघू दे’ म्हणत राहिलात, आणि मी आपली चऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिले.

मिस वॉरन म्हणाली, खालचा काळाही काढून बघते, प्लास्टर किती आहे ते कळेल. तिनं कापूस बदलला. काळा ओघळायला लागला, पांढरं दिसायला लागलं. ती थांबली. ‘‘इथे काहीतरी लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘चिनी नाही.’’

शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत, तुमच्या त्या उजवीकडे कललेल्या मराठीत तीन ओळी. मी तिचं भिंग मागून घेतलं.

‘डोळा पेणच्या मुलीने काढला. मी फक्त गिरवला. झकास आहे, पण खोटा आहे.’

काका, मी तिथे परक्या बाईसमोर हुंदके देऊन रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. बारा वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. आणि तुम्ही तर पहिल्याच रविवारी बोलून मोकळे झाला होतात. फक्त अशा जागी, की मी खरं बोलले तरच ते मला वाचायला मिळावं. मिस वॉरननं मला पाणी दिलं आणि विचारलं, काय लिहिलंय ते सांगाल का, दप्तरात नोंद करायची आहे. मी डोळे पुसले आणि तिला एकेक शब्दाचा अर्थ सांगितला, एकही न गाळता.